उजव्या हाताचा डबा

आबा,

तुमचा डबा सापडला. पालमला, एका घराच्या मागं, शेळ्यांच्या गोठ्याला लागून, तोंड भिंतीकडं करून रुसलेल्या लेकरासारखा उभा होता, अन् त्याच्या पोटात एक लाल कोंबडी अंड्यांवर बसली होती. डबा म्हणजे जेवणाचा नव्हे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की कुठला ते आधीच सांगितलेलं बरं. पोरांचा व्हिडिओ गेमचा. माणसाच्या छातीएवढा उंच, मधे टीव्हीची काच, काचेखाली तिरपी फळी, फळीवर एक हँडल अन् बटनं, नाणं टाकलं की आतून कुईकुई वाजायला लागणारा. ताडकळसच्या आपल्या सुतारकीच्या कारखान्यात तिफणी, चौकटी अन् पाळणे करता करता तुम्ही असले मोजकेच डबे केले. त्यांतला एखादा तरी डोळ्यांनी बघावा, हात लावावा, म्हणून मी म्हातारपणी एस्टीनं निम्मा जिल्हा पालथा घातला. लोक तीर्थाला जातात, मी भंगाराला जाते.

हे खूळ तुम्हाला ठाऊक नाही, कारण ते तुमच्या माघारी लागलं. बोरीचं मोटार वाइंडिंगचं दुकान आता पोरगा बघतो. माझं काम म्हणजे अडलं-नडलं सांगायचं, अन् जळकी तांब्याची तार साचली की परभणीला भंगारवाल्याकडं नेऊन घालायची. एकदा तशीच गेले होते, तर त्याच्या आवारात पत्र्याच्या ढिगाखाली एक डबा पालथा पडलेला, पिऊन पडल्यासारखा. मागचं दार उघडंच होतं. सहज वाकून आत बघितलं अन् तिथंच फतकल मारून बसले. पिक्चर ट्यूबच्या मानेला तांब्याची तार गुंडाळलेली, वेढ्याला वेढा लागलेला. विहिरीवरच्या मोटारीची सख्खी भावकी! मोटारीत ती तार लोखंड फिरवते हे मला ठाऊक. पण इथं नुसत्या काचेवर ती काय फिरवत असेल? आयुष्यभर मी तार गुंडाळली अन् हे एक घर बघायचं राहूनच गेलं होतं. भंगारवाला म्हणाला, “मावशी, तांबं पायजे का डबा?” मी म्हटलं, “डबा दे. तांब्याचं मी बघते.” टेम्पोतून तो बोरीला आणला तव्हा सूनबाई दारातच कमरेवर हात ठेवून उभी. “आत्या, घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं! माणसाला निजायला जागा न्हाई, हे कुठं मांडायचं?” मांडलं, मोटारींच्या शेडमधे. तो चालू करायला दोन पावसाळे गेले. मला कोण शिकवणार? चटके बसले, फ्यूज उडाले, एकदा चित्र आलं तर तेही उलटं, विमानं डोक्यावर चालायलेली. दोन तारा एकमेकींच्या जागी लागल्या होत्या. त्या बदलल्या अन् विमान सरळ उडालं. अख्ख्या गल्लीला मी चहा पाजला.

मग चटकच लागली. कुठं काही ऐकलं की पिशवीत पेचकस अन् भाकरी बांधून मी निघते. जिंतूरला एका सलूनवाल्यानं डब्याची काच काढून आत टॉवेल ठेवले होते. त्याला कपाट करून दिलं अन् डबा आणला. गंगाखेडला एका किराणा दुकानात डब्यावर तेलाचे पिंप ठेवलेले, लाकूड तेल पिऊन पिऊन काळं कुळकुळीत झालेलं. एका गावी तर डब्यात देव मांडलेले, समोर दिवा, काचेच्या जागी पडदा. तो मी मागितलाच नाही, हात जोडून परत आले. शेडमधे आता चांगली पंगत बसलीय. फोनवर आमच्यासारख्या खुळ्यांचा एक गटही आहे, कोण पुण्याचा, कोण नागपूरचा. अडलं की एकमेकांना विचारतो. मी एकटीच त्यात म्हातारी. ते मला ताई म्हणतात अन् मीही वय सांगत नाही.

पण एवढ्यांत तुमचा एकही नव्हता. तुमचा डबा मी डोळे मिटूनही ओळखला असता. एक तर वजन. ताडकळसच्या आपल्या चाचांनी तो पहिला नमुन्याचा डबा हैदराबादहून चार दिवस उसना आणला होता. बाजाराच्या तोंडाशी त्यांचं व्हिडिओ गेमचं दुकान नुकतंच निघत होतं. ते तुम्हाला म्हणाले, “आतलं सामान मी आनतो उस्ताद, वरचं खोकं तुमी करा, हुबेहूब असंच.” तुम्ही त्याच्याभोवती बैलबाजारात फिरावं तसे फिरलात, दात बघावेत तसं मागचं दार उघडून आत बघितलंत, अन् म्हणालात, “ह्ये लाथा मारणाऱ्या पोरांसाठी हाय न्हवं? मग भुसकट फळ्या कामाच्या न्हाईत.” आतला सांगाडा तिफणीला लावतात तसल्या बाभळीचा केलात, सगळे जोड खाचेत कूस घालून, खिळ्याचं नाव नाही. उचलायला चार गडी. मागच्या दाराला चाचांनी कुलूप मागितलं, ते तर लावलंतच, वर घराच्या दाराला असते तशी फिरती लाकडी खिट्टीही लावली. हे सगळं आईनं मला सांगितलेलं. मी तेव्हा बोरीला सासरी, लेकरू मांडीवर. मी पहिल्यांदा बघितला तव्हा डबा चाचांच्या दुकानात लागलेला होता, पोरं मुंगळ्यांसारखी चिकटलेली होती, अन् त्याचं हँडल उजवीकडं होतं.

आता मला सारं कळतं म्हणून सांगते, तमाम दुनियेत डब्याचं हँडल डावीकडं असतं अन् बटनं उजवीकडं. तुमच्याच डब्यात उलटं. चाचांचा झाल्यावर तुम्ही आणखी काही केले, बोरीच्या बसस्टँडजवळही एक होता, सगळे उलटे. ताडकळसची पोरं तुमच्या डब्यावर वाघ, पण परभणीला गेली की तिथल्या डब्यावर शेळी व्हायची, हात सापडायचाच नाही. परभणीची पोरं टाळ्या पिटायची. ‘उलटा डबा’ हे नाव तिथूनच निघालं. अन् मग चुलत भावाच्या लग्नात ते झालं, जे तुम्हाला आठवत असेल की नाही कोण जाणे. तुम्ही पंगतीत बसलेले, मी वरण वाढायलेली. परभणीकडचा कुणी पाव्हणा तुमच्या समोरच्या ओळीतून मोठ्यांदा म्हणाला, “उस्ताद, चौकटीला बिजागरी तरी बरोबर बाजूला लावता ना? न्हाईतर दार उघडायला भिंतीतून जावं लागंल!” सगळी पंगत हसली. तुम्ही भातात वरण कालवत राहिलात, कालवलेलाच भात पुन्हा पुन्हा. माझ्या हातातला वरणाचा डाव तसाच राहिला. ज्या माणसानं कुणाची चौकट एका सुताची वाकडी केली नाही, त्याला भर पंगतीत असं ऐकून घ्यावं लागावं, अन् त्याला उत्तर नसावं? तो खडा तेव्हापासून माझ्या चपलेत आहे. आबा चुकले होते का, एवढंच मला हवं होतं. चुकले असले तरी चालेल, पण कळू दे.

मी तुम्हाला एकदा विचारलं होतं. तुम्ही कारखान्यात रंधा मारत होता, पायाशी भुसा, मी दारात उभी. “आबा, हँडल उजव्या अंगाला कामून केलंय?” तुम्ही वर न बघताच विचारलंत, “तुला खेळायचंय का?” “न्हाई.” “मग? लेकरू घिऊन आलीस, घरात जा, आईला हात लाव. पोरखेळाच्या गोष्टी मला इचारू न्हाई.” अन् रंधा थांबवून त्याच्या पात्याला धार काढायला बसलात. ती धार तुम्ही सकाळीच काढली होती, मी बघितलं होतं. मला वाटलं, माझं विचारणं झोंबलं. पुन्हा विचारलं नाही. मनाशी एक उत्तर मात्र बांधून ठेवलं: सुताराचा कामाचा हात उजवा, धरायचा डावा. करवत उजव्या हातात, वाकस उजव्या हातात. तुम्ही कधी खेळ खेळला नाहीत, खेळणाऱ्याकडं दोन घटका बघितलंही नसेल. नमुना परत गेला, अन् आठवणीनं करताना कामाची वस्तू कामाच्या हाताला दिलीत. चूकच, पण कष्टकऱ्याची चूक. एवढ्यावर मी इतकी वर्षं मनाची समजूत घालत आले.

तुम्ही खेळत असाल हे माझ्या स्वप्नातही येणं शक्य नव्हतं. तुमचं हसणं म्हणजे मिशी जराशी हलणं. घरात पत्ते नाहीत, सोंगट्या नाहीत. माया होती, पण ती लाकडातून यायची. माझे मालक गेले, दिवस झाले, अन् लोक म्हणायले, आता दुकान विकून टाक, बाईमाणूस मोटारी कशी गुंडाळणार. तुम्हीही ते ऐकलंत. दुसऱ्या आठवड्यात बोरीला आलात, दुकानाच्या उंबऱ्यावर फडक्यात बांधलेलं काहीतरी ठेवलंत अन् पाणी प्यायलात. सोडून बघितलं तर सागवानी फर्मा, ज्यावर तार गुंडाळून मोटारीची कॉइल करतात तो, लहान-मोठ्या पायऱ्यापायऱ्यांचा, कडा इतक्या गुळगुळीत की तारेचं वार्निश खरवडू नये. ‘दुकान चालव’ हे दोन शब्द तुमच्या तोंडून निघाले नाहीत, पण फर्मा निघाला. त्यावर मी घर चालवलं. त्यानंतर तुम्ही महिन्याकाठी यायला लागलात. जेवण झालं की टोपी घालायचात, “बाजारातून चक्कर मारून येतो,” म्हणायचात, अन् उन्हं कलल्यावर लेकरांना जिलेबी घेऊन यायचात. फार खुशीत असायचात. मला वाटायचं, लेकीचं बरं चाललंय हे बघून जीव थंड होत असेल.

असो. पालमचं सांगते. त्या घरची बाई माझ्याच वयाची, शेळ्या राखणारी, बोलायला करकरीत. तिच्या मालकानं तो डबा कधीकाळी ताडकळसच्या चाचांकडून विकत आणून बसस्टँडवर चालवला होता. ते गेले, पोरांच्या हातात मोबाईल आले, डबा परसात आला. मी म्हटलं, “ह्यो माझ्या बापानं केलाय.” ती म्हणाली, “कशावरून? सगळेच म्हनतेत.” मी तिचा हात धरून उजव्या बाजूच्या हँडलवर ठेवला, मग मागं नेऊन खिट्टी दाखवली. तिनं खिट्टी दोनदा फिरवून बघितली. “आसंल बाई. बाप तर बाप. पर कोंबडी बसलीय. पिल्लं निघाल्याबिगर डबा हलायचा न्हाई.”

“कदी निघतील?”

“तिला इचार.”

अन् मग जाता जाता म्हणाली, “लवकर ये मात्र. जावाई यायलाय. शेळ्यांच्या दाराला फळ्या न्हाईत, त्यो म्हनतोय ह्यो डबाच फोडतो.” झाली का पंचाईत! कोंबडी म्हणते थांब, जावाई म्हणतो फोडतो. मी बोरीला आले अन् डब्याच्या बदल्यात द्यायला एक खुराडं करवून घेतलं, चांगलं दोन खणांचं. भाकरी गोड लागेना. सूनबाई म्हणाली, “आत्या, त्या कोंबडीपरीस तुमीच जास्त बसून हायत.” हसू आलं, पण खरं सांगते, जीव टांगणीला लागला होता. तुमच्या डब्यांतला एवढा एकच हाती लागलेला, अन् तो शेळ्यांच्या दारात जाणार.

पुन्हा गेले तव्हा लांबूनच दिसलं, डब्याचं मागचं दार नाही. भराभरा जवळ गेले. ते गोठ्याला लागलं होतं, खिट्टीसकट. बाई म्हणाली, “जावयानं दार काढलं अन् मग सांगाड्याला हातोडा घातला. बाभळीनं त्याला दादच दिली न्हाई. दांडा मोडला हातोड्याचा! म्हनला, ज्यानं केलं त्यानंच येऊन सोडवावं.” मला रडू यावं का हसू, कळेना. पिल्लं निघाली होती, अंगणात पिवळी पिवळी फिरायलेली. खुराडं उतरवलं, डबा चार गड्यांनी टेम्पोत चढवला. दार मागावं म्हणून तोंड उघडलं होतं. तेवढ्यात एक करडू दाराला धडका द्यायला लागलं, अन् खिट्टी जागची हलली नाही. नाही मागितलं. तुमचं दार तिथं कामाला लागलंय. ते आणून बंद डब्याला कशाला लावायचं?

घरी आणून पुसला, फोटो काढून गटात टाकला. पुण्याचा एक भला माणूस लगेच फोनवर. “ताई, काय मजबूत काम आहे! पण हँडल चुकीच्या बाजूला आहे. मी नवीन फळी पाठवतो, बरोबर भोकं पाडलेली. बसवून टाका, डबा एकदम सरळ होईल.” आबा, मी ‘बरं’ म्हणाले. का नाही म्हणणार? तुमची चूक झाकायची संधी लेकीच्या हाती आली होती. फळी बदलली की कुणी उलटा डबा म्हणणार नाही, पंगतीतलं ते हसणं मिटेल. मी जुनी फळी सोडवली. वरून सनमायका चिकटवलेला, त्यावर पोरांच्या मनगटांनी घासून घासून पांढरे डाग. खालून कोंबडीचं काय काय. ते खरवडलं, ओल्या फडक्यानं पुसलं, अन् फळी उजेडात धरली.

खालच्या अंगाला, डावीकडं, जिथं दुनियेच्या डब्यांत हँडल असतं, नेमकं तिथं एक गोल भोक होतं, अन् ते बुजवलेलं होतं. नुसतं लांबीचा लगदा भरून नाही. लाकडाची गोल चकती कापून, रेषेला रेष जुळवून बसवलेली. अंगठा फिरवला तर नखालाही लागू नये. उजवीकडं बटनांचीही तशीच बुजवलेली भोकं. मी फळी मांडीवर घेतली. म्हणजे तुम्ही आधी बरोबरच केलं होतंत! हुबेहूब हैदराबादसारखं. अन् मग, जाणून बुजून, उलटं केलंत. माझं इतक्या वर्षांचं उत्तर त्या एका चकतीनं बाद केलं. अहो, बरोबर झालेलं काम कुणी मोडतं का? अन् तुम्ही? लोक हसले तरी तोंड का उघडलं नाहीत?

बाजाराच्या दिवशी ताडकळसला गेले. चाचा आहेत अजून. त्यांच्या व्हिडिओ गेमच्या जागी आता नातवाचं मोबाईलचं दुकान आहे, अन् ते बाहेर खुर्चीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला टोकत असतात. मी पाया पडले.

“कोन?”

“उस्तादांची लेक. बोरीची.”

“आगं, मोटारवाली! बस बस. म्हातारी झालीस की तू पन.”

“तुमच्या मागंच हाय चाचा. एक इचारायचंय. आबांच्या पहिल्या डब्याचं हँडल आधी डावीकडं होतं ना?”

त्यांनी माझ्याकडं बघितलं, अन् हसायला लागले. हसता हसता ठसका, ठसक्यातून पुन्हा हसणं. “तुला न्हाई म्हाईत? आल्ला! कसं म्हाईत आसंल, तुपल्या बापानं मला कसम घातली होती. आता घालनारा गेला, मी बी चाललो, कसम कोनासाठी ठिवू?” खुर्ची माझ्याकडं ओढून घेतली. “डबा लागला त्याच्या दुसऱ्याच हप्त्यात उस्ताद दुपारचे आले. पोरं साळंत. म्हनले, शटर जरा खाली घे, जोड ढिला तर झाला न्हाई ना बघतो. मी म्हनलो, बघा. दुसऱ्या दिशी पुन्ना जोड बघायला. तिसऱ्या दिशी पुन्ना. बाभळीचा डबा, खिळा न्हाई, हत्तीनं लाथ मारली तरी हलनार न्हाई, अन् त्याचा जोड रोज ढिला कसा व्हईल गं? मी हळूच डोकावलो. तुपला बाप इमान उडवायलाय!”

मला वाटलं, चाचांचं वय झालं, दुसऱ्या कुणाचं सांगतायत. “आबा? आमचे आबा?”

“तुमचेच! पर डावा हात आयकना. इमान घ्यायचे वर, ते जायाचं खाली. धाडकन. पुन्ना नानं. पुन्ना धाडकन. एक दिस हत्याराची पेटी घिऊनच आले अन् फळी सोडवली. मी म्हनलो, उस्ताद, पोरं बोंबलतील, दुनियेत आसं कुठं न्हाई. तर मला म्हनले, ‘पोरांचे हात वलं लाकूड हाय, वळवशील तिकडं वळंल. माझं वाळलं. आता मोडंल, पर वळायचं न्हाई.’ मी काय बोलनार? पोरांना सांगितलं, हैदराबादला आता आसंच निघालंय.”

“अन् बाकीचे डबे? ते तर पहिल्यापासूनच तसे केले.”

“ते बी इचारलं मी. म्हनले, ‘बोरीला लेकीकडं गेलो अन् दुपारी मोकळा आसलो तर?’”

आबा, ती टोपी. ती बाजारातली चक्कर. ती जिलेबी! मी तिथंच तोंडाला पदर लावला. चाचांना वाटलं रडते. नव्हते रडत. मग त्यांना विचारलं, “चांगले खेळायचे का हो?” चाचांनी हात हवेत फिरवला. “लय पुढं न्हाई गेले कदी. पर हसायचे. इमान पडलं तरी हसायचे, चांगलं आवाज करून. मी बाहेर शटरपाशी उभा ऱ्हायाचो, कुनी आत येऊ न्हाई म्हनून.”

परतीच्या बसमधे मी खिडकीशी बसून तुमच्या हसण्याचा आवाज जुळवायचा प्रयत्न केला. मिशीची हालचाल मला ठाऊक; तिच्यामागं आवाज कसा असेल? खर्जातला, की रंध्यासारखा सुर्र करून जाणारा? आईनं तरी कधी ऐकला होता का? पंगतीतला तुमचा तो कालवलेला भात मला आता निराळाच दिसतो. तुम्हाला उत्तर नव्हतं असं नाही. उत्तर असं होतं की ते दिलं असतं तर पंगत जेवण टाकून हसली असती. आपलं काम चुकलं असं लोकांनी समजावं, पण आपण खेळतो हे कुणाला कळू नये. सुतार म्हणून कमीपणा घेतलात अन् दुपार वाचवलीत. हा सौदा बरोबर की चूक मला ठरवता येत नाही. पण चपलेतला खडा मात्र गेला.

पुण्याच्या त्या माणसाला कळवलं, फळी पाठवू नका. “अहो ताई, पण चूक आहे ती.” मी म्हटलं, “चूक नाही. मापानं केलंय.” “कुणाच्या मापानं?” “करणाऱ्याच्या.” तो भला माणूस, ‘बरं’ म्हणाला. सूनबाईनं सगळं ऐकलं अन् एवढंच म्हणाली, “म्हंजी हे खूळ घराण्यातलंच हाय. मला वाटलं तुमालाच लागलं.”

जुनीच फळी पुसून परत बसवली. ट्यूबच्या मानेवरची तार नवी गुंडाळून घातली, मागं दाराच्या जागी सध्या गोणपाट आहे. हे पत्र कुठं पाठवायचं हा प्रश्नच नाही. घडी करून तुमच्या फर्म्याच्या मधल्या भोकात खोचून ठेवते, तिथं बरोबर बसेल. एक तेवढं सांगायचं राहिलं. डबा चालू झाला त्या दिवशी पोरगा अन् सूनबाई बाजाराला गेलेले होते. दुपार होती. मी शेडचं शटर अर्धं खाली ओढलं अन् विमानांचा गेम लावला. त्यात दोघांचा डाव असतो, एकाचं विमान पडलं की दुसऱ्याची पाळी. मी दोघांचा लावला. माझं विमान उठलं अन् लगेच धाडकन गेलं. मग तुमची पाळी आली. विमान वर येऊन थांबलं. तिथं कुणी नव्हतं, म्हणून तुमचाही डाव मीच खेळले, उजव्या हातानं. तुम्ही माझ्यापेक्षा पुष्कळ पुढं गेलात, आबा. माझ्या डावात मी एवढा जीव लावला नव्हता, हे कबूल करते.